नागपाड्यापासून तुळजापूरपर्यंत : टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची नव्वद वर्षे

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीहून राजूरच्या रस्त्याला लागले की आधी चुनाभट्ट्यांचा पांढरा धुरळा लागतो आणि पुढे कोळशाची काळी भुकटी. या गावात वाढलेल्या आमच्या पिढीने ‘समाजकार्य’ हा शब्द पुस्तकात वाचण्याआधी ‘वेलफेअर साहेब’ पाहिला. कॉलरीतल्या कल्याण अधिकाऱ्याला सगळे याच नावाने ओळखत.

मला आठवतो तो एक प्रसंग. आजाराने वारलेल्या एका खाणकामगाराच्या बायकोचा भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज वेलफेअर साहेब भरत होते. ऑफिसात नव्हे, तिच्याच ओसरीवर, मांडीवर फाइल ठेवून. एकेका रकान्याचा अर्थ ते आधी तिला समजेल अशा हिंदीत सांगत, तिचे उत्तर ऐकत आणि मग लिहीत. शेवटी सगळा अर्ज तिला वाचून दाखवला, मगच अंगठा घेतला. शाई पुसायला खिशातला रुमाल दिला. घरी आल्यावर मी वडिलांना विचारले, हे असे काम कुठे शिकायला मिळते? वडील म्हणाले, “मुंबईला, टाटात.”

पुढे त्याच ‘टाटा’त पदव्युत्तर शिक्षण घेण्याचे भाग्य मला लाभले. आज संस्था नव्वदी पूर्ण करत असताना तिची वाटचाल लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. नव्वद वर्षांतल्या प्रत्येक शिक्षकाचे, कर्मचाऱ्याचे आणि विद्यार्थ्याचे नाव येथे घेता येणार नाही. जे राहून जातील त्यांच्याच खांद्यावर ही संस्था उभी आहे, एवढे आधीच नमूद करतो.

पूर्वपीठिका

समाजाचे नेतृत्व करायचे तर त्यासाठी रीतसर तयारी लागते, हा विचार महाराष्ट्राला नवा नव्हता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज काढला तो याच विचाराने. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली अस्पृश्यता निवारणासाठी मिशन उभे केले. भारत सेवक समाजाचेच नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि गिरणगावात वाचनालये, रात्रशाळा, दवाखाने चालवले. लीगने कार्यकर्त्यांसाठी छोटे प्रशिक्षणवर्गही घेतले. आमच्या वणीत जन्मलेले लोकनायक बापूजी अणे हेही त्याच पिढीचे. त्या पिढीकडे त्याग होता, वक्तृत्व होते, संघटनेची हातोटी होती. उणीव होती ती एका गोष्टीची. पदवीधर तरुणाने दोन वर्षे बसून समाजाच्या प्रश्नांचा शास्त्रशुद्ध अभ्यास करावा आणि तोच आपला व्यवसाय मानावा, अशी सोय देशात कुठेच नव्हती.

ही उणीव भरून काढण्याचा पुढाकार क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी घेतला. अमेरिकन मराठी मिशनच्या वतीने ते १९२५ साली मुंबईत आले. भायखळ्याजवळचा नागपाडा ही तेव्हा गिरणी कामगार, गोदी कामगार आणि नाना धर्मांच्या गोरगरिबांची दाटीची वस्ती. तेथे मिशनने ‘नागपाडा नेबरहुड हाउस’ हे वस्तीकेंद्र सुरू केले आणि मॅन्शार्ट त्याचे प्रमुख झाले. वस्तीत काही वर्षे काम केल्यावर त्यांना एक गोष्ट स्पष्ट दिसली. दयाबुद्धी असलेली माणसे मिळतात, पण प्रश्न का निर्माण झाला हे शोधून त्यावर टिकाऊ काम करणारी माणसे मिळत नाहीत. ती घडवावी लागतात.

याच सुमारास टाटा घराण्यात मोठी घडामोड झाली. १९३१ साली लेडी मेहेरबाई टाटा यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांनी आपली सारी संपत्ती विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली आणि १९३२ साली तेही गेले. कोहिनूरच्या दुपटीहून मोठा असलेला ज्युबिली हिरासुद्धा या दानातून सुटला नाही. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून पुढे टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले, मूलभूत विज्ञान संशोधनाची संस्था उभी राहिली. या सर्वांच्या आधी उभी राहिली ती आपली संस्था. ट्रस्टपुढे आलेला मॅन्शार्ट यांचा प्रस्ताव विश्वस्तांनी मनापासून स्वीकारला.

१९३६ ते १९४५ : वस्तीतली शाळा

१९३६ साली नागपाडा नेबरहुड हाउसच्याच वास्तूत ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ सुरू झाले. समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी देशातली ही पहिली संस्था. पहिल्या तुकडीत २० विद्यार्थी होते. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, शेवटी पदविका. संचालक मॅन्शार्ट आणि त्यांच्यासोबत डॉ. जे. एम. कुमारप्पा, डॉ. बी. एच. मेहता आदी मोजकी मंडळी.

जागा लहान होती, पुस्तके बहुतेक परदेशी होती आणि पदविकेनंतर नोकरी कोण देणार याचा पत्ता नव्हता. पण शाळेला एक लाभ असा मिळाला होता की तो पुढच्या काळात मोठमोठ्या इमारतींनाही देता आला नाही. वर्गाबाहेर पाऊल टाकले की वस्तीच. पुस्तकातले दारिद्र्य आणि जिन्याखालचे दारिद्र्य यांत एका भिंतीचे अंतर. क्षेत्रकार्य हा अभ्यासक्रमाचा कणा झाला तो पहिल्याच दिवसापासून. विषय कोणताही असो, आठवड्याचे ठरलेले दिवस विद्यार्थी वस्तीत, रुग्णालयात, बालसुधारगृहात किंवा कारखान्यात जाणार, हा नियम तेव्हापासून आजपर्यंत टिकून आहे.

१९३७ साली संस्थेने मुलांच्या मानसिक अडचणींसाठी बालमार्गदर्शन केंद्र चालू केले. त्या काळी असे केंद्र ही कल्पनाच अपूर्व होती. १९४० साली ‘इंडियन जर्नल ऑफ सोशल वर्क’ हे नियतकालिक निघाले. ते आजही निघते. १९४१ साली मॅन्शार्ट मायदेशी परतले आणि डॉ. कुमारप्पा संचालक झाले. आम्हा विदर्भाच्या माणसांना या नावाचा एक वेगळा जिव्हाळा वाटतो. वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींच्या ग्रामोद्योगाचे काम उभे करणारे जे. सी. कुमारप्पा हे त्यांचे बंधू. एक भाऊ वर्ध्यात खेड्याचे अर्थशास्त्र मांडत होता आणि दुसरा मुंबईत शहराच्या प्रश्नांशी भिडणारी माणसे तयार करत होता.

१९४४ साली शाळेचे नाव बदलून टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाले. समाजकार्याच्या मागे समाजशास्त्र, अर्थशास्त्र, मानसशास्त्र यांचा पाया हवा, हे त्या नावातूनच सांगितले गेले.

१९४६ ते १९५५ : स्वातंत्र्य आणि नवा व्यवसाय

१९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातला पहिला वैद्यकीय समाजकार्यकर्ता नेमला गेला. रोग्याच्या छातीला लावायचा स्टेथोस्कोप डॉक्टरकडे आहे, पण घरी जाऊन तो औषध घेईल का, त्याला दूध मिळेल का, त्याच्या बायकोला कामावरून काढले तर काय, हे विचारणारा माणूसही रुग्णालयाला लागतो, हे मान्य झाले. संस्थेत त्यानंतर लवकरच वैद्यकीय व मनोविकार समाजकार्याचे शिक्षण सुरू झाले.

फाळणीनंतर कुरुक्षेत्र येथे निर्वासितांची प्रचंड छावणी पडली. संस्थेचे शिक्षक आणि विद्यार्थी तेथे गेले. आपत्ती आली की वर्ग थांबवून निघायचे, हा संस्थेचा शिरस्ता तेथे पडला.

आता आमच्या राजूरकडे येतो. १९४८ च्या कारखाने कायद्याने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. १९५२ च्या खाण कायद्याखाली १९५५ साली जे नियम झाले, त्यांनी हीच अट खाणींना लावली. उपाहारगृह, पाळणाघर, खाणीच्या तोंडाशी आंघोळीची सोय, रजा, भविष्यनिर्वाह निधी हे सगळे कागदावरून कामगाराच्या हातात पोचवायला एक शिकलेला माणूस हवा होता. टाटा संस्थेने असे शेकडो अधिकारी तयार केले. खाणीच्या खर्चाने नेमलेला, तरी कामगाराची बाजू मालकाला समजावून सांगणारा हा माणूस. तारेवरची कसरतच ती. त्या बाईच्या ओसरीवर बसून अर्ज वाचून दाखवणारे साहेब या कायद्याचे आणि या शिक्षणाचे मिळून फळ होते.

जागेची अडचण अखेर सुटली. ६ ऑक्टोबर १९५४ रोजी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते देवनार येथील परिसराचे उद्घाटन झाले. तेव्हा देवनार म्हणजे मुंबईची वेस.

१९५६ ते १९७५ : पदविकेकडून विद्यापीठाकडे

तत्त्वज्ञानाचे नामवंत प्राध्यापक अ. र. वाडिया यांच्या संचालकपदाच्या काळात देवनारची घडी बसली. १९६२ साली डॉ. माधव सदाशिव गोरे संचालक झाले आणि पुढची वीस वर्षे संस्थेचे सारथ्य त्यांच्याकडे राहिले. ते संस्थेचेच माजी विद्यार्थी.

१९६४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा दिला. पदविकेची जागा एम. ए. ने घेतली. कुटुंब व बालकल्याण, गुन्हेशास्त्र व सुधार प्रशासन, समूह विकास, कर्मचारी व्यवस्थापन आणि श्रमकल्याण अशा शाखा रुजल्या, संशोधन विभाग वाढले. या काळाबद्दल फार लिहीत नाही. तो घडी बसवण्याचा काळ होता आणि बसलेली घडी सहसा कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

पण गोरे सरांबद्दल दोन वाक्ये लिहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. त्यांनी महर्षी शिंद्यांवर, महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर आणि डॉ. आंबेडकरांच्या विचारांच्या सामाजिक संदर्भावर ग्रंथ लिहिले. म्हणजे मुंबईत बसून जागतिक दर्जाची संस्था चालवलेला हा समाजशास्त्रज्ञ अभ्यासाला विषय निवडताना महाराष्ट्राच्याच मातीकडे वळला. नेतृत्व म्हणजे काय, ते कोणत्या समाजस्थितीतून घडते, याचा इतका साक्षेपी अभ्यास आपल्याकडे थोड्यांनीच केला आहे. १९७५ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

१९७६ ते १९८५ : वर्गाबाहेरची कामे

१९८२ साली डॉ. अर्मैती देसाई संचालक झाल्या. त्या पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यक्ष झाल्या.

१९८४ हे वर्ष दोन कारणांनी लक्षात राहते. मुंबई पोलीस आयुक्तालयात संस्थेने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. घरात मार खाणारी बाई पोलिसांकडे आली तर तिचे आधी ऐकून घेणारी समाजकार्यकर्ती पोलिसांच्याच इमारतीत बसलेली असावी, ही कल्पना. एका खोलीतला हा प्रयोग शासनाने स्वीकारला आणि तो राज्यभर पसरला. त्याच वर्षी २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री भोपाळला विषारी वायूची गळती झाली. संस्थेने इतर समाजकार्य महाविद्यालयांना सोबत घेऊन बाधित वस्त्यांत घरोघर पाहणी केली.

माझी तुकडी याच दशकातली. क्षेत्रकार्याला मला चीता कॅम्प मिळाला. १९७६ साली जनता कॉलनी उठवून तेथली माणसे ज्या जागी आणली गेली, ती ही वस्ती. पहिल्या आठवड्याचे ‘रेकॉर्डिंग’, म्हणजे क्षेत्रकार्याची लेखी नोंद, मी आठ पाने लिहिले होते. दारिद्र्य, शोषण, व्यवस्था असे सगळे शब्द त्यात होते. पर्यवेक्षक बाईंनी ‘आयसी’ला, म्हणजे वैयक्तिक चर्चेला, बोलावले आणि वही उघडून विचारले, “नळाला पाणी किती वाजता येते?” मला माहीत नव्हते. “रांगेत पहिली कोण उभी राहते? तिचा हंडा कोण उचलून देतं?” तेही माहीत नव्हते. त्यांनी वही मिटली. पुढचा महिनाभर मी पहाटे उठून नळावर गेलो. रांगेत पहिली उभी राहणारी आजी भांडणे मिटवायची, नव्या बिऱ्हाडाला जागा करून द्यायची, आणि पाणी नाही आले तर वॉर्ड ऑफिसला बायकांचा घोळका घेऊन जायची. वस्तीची पुढारी तीच होती आणि माझ्या आठ पानांत ती कुठेही नव्हती.

या संस्थेने नेतृत्वाचे जे शिक्षण दिले ते मला असे कळले. आधी असलेले नेतृत्व ओळखायला शिकायचे.

१९८६ ते १९९५ : तुळजापूर आणि किल्लारी

मुंबईतली संस्था खेड्याचे प्रश्न किती ओळखणार, ही टीका संस्थेने मनावर घेतली. १९८६ साली तुळजापूरला ग्रामीण परिसर सुरू झाला. दुष्काळी मुलूख, आई भवानीचे गाव, रेल्वे नाही. तेथे शिक्षक कुटुंबासह जाऊन राहिले, पाणलोटाची कामे झाली, बचत गट झाले. सुरुवातीच्या त्या मंडळींनी केलेल्या कष्टांची पुरेशी नोंद अजून व्हायची आहे.

१९८७ पासून सरदार सरोवर धरणामुळे उठणाऱ्या महाराष्ट्रातल्या गावांच्या पुनर्वसनावर देखरेख ठेवून मूल्यमापन करण्याचे काम राज्य शासनाने संस्थेकडे सोपवले. नर्मदेच्या खोऱ्यात लढा उभारणाऱ्या मेधा पाटकर याही संस्थेच्याच विद्यार्थिनी. एकाच प्रश्नावर एकीकडे शासनासाठी अहवाल लिहिणारे शिक्षक आणि दुसरीकडे नदीकाठी आंदोलन करणारी विद्यार्थिनी, दोन्ही एकाच संस्थेतून आले. मला हे संस्थेचे मोठेपण वाटते. १९९० साली संस्थेच्या ‘प्रयास’ प्रकल्पाने तुरुंगातल्या आणि कोठडीतल्या माणसांसाठी काम सुरू केले.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. तुळजापूरचा परिसर जवळ होता. संस्थेची माणसे गावागावांत गेली, नोंदी केल्या. पुढे राज्याच्या पुनर्वसन कार्यक्रमात लोकांचा सहभाग घडवून आणण्याची जबाबदारी संस्थेवर आली. नवे घर कुठे, गल्ली कशी, जनावरे कुठे बांधायची, हे गावाला विचारून ठरले पाहिजे, असा आग्रह धरणे हे त्या कामाचे मर्म होते.

१९९६ ते २००५ : दस नौ आठ

१९९६ साली संस्थेतल्या प्राध्यापिका जेरू बिलिमोरिया यांनी रस्त्यावरच्या मुलांसाठी चाइल्डलाइन हा क्षेत्रप्रकल्प सुरू केला. संकटातल्या मुलाने फिरवायचा क्रमांक १०९८. मुले त्याला ‘दस नौ आठ’ म्हणत. पुढे ती देशव्यापी सेवा झाली.

यवतमाळ जिल्ह्यातल्या वाचकासाठी या दशकातले महत्त्वाचे वर्ष २००५. शेतकरी आत्महत्यांवरील जनहित याचिकेच्या संदर्भात मुंबई उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून संस्थेने आत्महत्याग्रस्त कुटुंबांची पाहणी केली आणि त्या वर्षीच्या मार्चमध्ये अहवाल सादर केला. वारंवार बुडणारे पीक, वाढता लागवडखर्च, डोक्यावरचे कर्ज आणि आधाराला कुणी नसणे, ही कारणे त्यात मांडली गेली. आपल्याकडे आत्महत्येनंतर ‘दारू पीत होता’, ‘घरात भांडण होते’ असे बोलून मोकळे होणारे खूप होते. त्यांच्यासमोर न्यायालयात दाखल झालेला हा कागद उभा राहिला. पुढच्या वर्षी पंतप्रधान विदर्भात आले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर झाली. तिचे यशापयश हा वेगळा विषय. पण मेलेल्या माणसाची बाजू नीट लिहून काढणे हेही समाजाचे काम आहे, आणि ते त्या वेळी या संस्थेने केले.

२००६ ते २०१५ : विस्तार

डॉ. एस. परशुरामन २००४ साली संचालक झाले आणि पुढची चौदा वर्षे त्या पदावर होते. या काळात संस्था फार वेगाने वाढली. ग्रामीण विकास, आपत्ती व्यवस्थापन, सामाजिक उद्योजकता, दलित व आदिवासी समाजकार्य, माध्यम, शिक्षण असे अनेक पदव्युत्तर अभ्यासक्रम आले. देवनारला नवरोजी परिसर झाला. हैदराबाद आणि गुवाहाटी येथे परिसर सुरू झाले. तुळजापूरला पदवी अभ्यासक्रमही आला. बेघर आणि भीक मागून जगणाऱ्या माणसांसाठी २००६ साली ‘कोशिश’ सुरू झाली.

२०११ साली अमृतमहोत्सव झाला. त्या निमित्ताने संस्थेने आपल्या शेजारचाच एम पूर्व विभाग कामासाठी हाती घेतला. देवनारचे डम्पिंग ग्राउंड, गोवंडी, मानखुर्द, शिवाजीनगर. मानवी विकासात मुंबईतला सर्वांत मागे राहिलेला भाग संस्थेच्या भिंतीला लागून होता. अमृतमहोत्सवाला मंडप आणि रोषणाई करण्यापेक्षा शेजाऱ्याच्या दारात जाणे संस्थेला योग्य वाटले.

२०१६ पासून

‘कोशिश’च्या चमूने बिहारमधल्या निवारागृहांची पाहणी करून दिलेल्या अहवालामुळे २०१८ साली मुजफ्फरपूरच्या बालिकागृहातला भयंकर प्रकार उजेडात आला. घाबरलेल्या मुली अनोळखी माणसाशी बोलल्या, कारण समोरच्याला ऐकता येत होते.

या वर्षांत संस्थेने अवघड दिवसही पाहिले. शुल्क, शिष्यवृत्त्या, नेमणुका, कारभाराची बदललेली रचना यांवरून मतभेद झाले. इतक्या मोठ्या घरात ते होणारच. येथे ते उगाळण्याचे प्रयोजन नाही. वर्ग चालू राहिले, क्षेत्रकार्य चालू राहिले.

२०१७ साली आमच्या यवतमाळातून ‘एकलव्य’चे काम सुरू झाले. ते उभे करणारे राजू केंद्रे हे बुलढाणा जिल्ह्यातले, शेतकरी कुटुंबातले आणि संस्थेच्या तुळजापूर परिसरात शिकलेले. घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेल्या मुलामुलींना देशातल्या नामांकित संस्थांत पदव्युत्तर शिक्षणासाठी तयार करणे, हे एकलव्यचे काम. स्वतः दार शोधत गेलेल्या माणसाने मागे वळून इतरांना वाट दाखवली. माझ्या मते गेल्या दशकात संस्थेच्या वाट्याला आलेले हे एक उत्तम फळ आहे.

संस्थेतील बहुतेक पदव्युत्तर प्रवेश आता ‘सीयूईटी पीजी’ या राष्ट्रीय परीक्षेतून होतात. अर्ज साधारणपणे हिवाळ्यात निघतात. वणी, मारेगाव, झरी जामणी, पांढरकवडा भागातल्या कला, वाणिज्य, समाजकार्य अशा कोणत्याही शाखेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलामुलींना माझी कळकळीची विनंती आहे की हा अर्ज भरा. इंग्रजी कच्चे आहे म्हणून थांबू नका. माझेही कच्चे होते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि गुणपत्रिका आताच एका फायलीत लावून ठेवा. आणि महाविद्यालयातल्या शिक्षकांनी आपल्या वर्गातल्या निदान एका विद्यार्थ्याचा अर्ज शेजारी बसून भरून घ्यावा, आणि भरून झाल्यावर तो त्याला एकदा वाचून दाखवावा.